कोतवालाचा बळी आणि कोतवालीचा जाब

१

पदवीच्या शेवटच्या वर्गाला विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ मी अनेकदा शिकवले आहे. नाटकाचा आकृतिबंध, ब्राह्मणांच्या रांगेचा तो जिवंत पडदा, कीर्तन आणि लावणी ह्यांची सांगड, नाना फडणवीसांची व्यक्तिरेखा हे सारे मुद्दे तोंडपाठ झालेले. परीक्षेत प्रश्न येतात ते ह्यांवरच. परंतु डिसेंबर २०२४ नंतर परभणीच्या वर्गात हे नाटक पूर्वीसारखे शिकवता येईनासे झाले.

कारण वाचकांना ठाऊक आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीच्या रेल्वे स्थानकासमोर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यापुढील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद पुकारला गेला. त्यात दगडफेक झाली, जाळपोळ झाली. हे नाकारण्याचे कारण नाही. त्यानंतर पोलिसांनी धरपकड केली. धरलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा पस्तिशीचा, वडार समाजातला, कायद्याचा विद्यार्थी होता. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि १५ डिसेंबरला त्याचे प्रेत. त्याच्या अंत्यसंस्कारानंतर, १६ डिसेंबरला परभणीतील आंबेडकरी चळवळीचे ज्येष्ठ नेते विजय वाकोडे हृदयविकाराने गेले. आठवड्याभरात ह्या गावाने दोन प्रेते उचलली.

त्यानंतरच्या सत्रात नाटकाचा शेवटचा भाग वाचून झाला. कोतवालाच्या कोठडीत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेले, पुणे पेटले, नानांनी घाशीरामाला जमावाच्या हवाली केले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, कोठडीत मेलेली माणसं बामण नसती तर हे नाटक झालं असतं का?”

मी त्याला उत्तर दिले नाही. तास संपला होता, हे निमित्त मिळाले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

२

नाटकाआधी इतिहास पाहावा लागतो. घाशीराम सावळदास हा उत्तर पेशवाईतला पुण्याचा कोतवाल. १७९१ साली त्याच्या कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले. पुण्यातील ब्राह्मण समुदाय पेशव्यांच्या दारात गेला, आणि अखेरीस कोतवाल दगडांनी ठेचून मारला गेला. ह्या घटनेची स्मृती इतकी टिकली की १८६३ साली मोरोबा कान्होबांनी त्याच नावाचे पुस्तक लिहिले आणि डिसेंबर १९७२ मध्ये तेंडुलकरांचे नाटक रंगभूमीवर आले. तेंडुलकरांनी आपले नाटक ऐतिहासिक नसल्याचे स्वतःच सांगितले आहे. तरी त्याचे बीज त्याच कोठडीतले आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. कोठडीतला मृत्यू इतिहासात शिरतो केव्हा? मेलेल्यांमागे मोजणारा समाज असतो तेव्हा. तेलंगी ब्राह्मणांमागे असा समाज होता. त्याला राजवाड्याचा दरवाजा माहीत होता आणि दरवाज्यातून आत जाण्याचा अधिकारही होता. ज्या राज्यात अस्पृश्याच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्या राज्यातल्या कोठडीत मेलेल्या महारामांगांची दाद कोणत्या दारात लागली असती? दार नव्हते, म्हणून स्मृती नाही. स्मृती नाही, म्हणून नाटक नाही. मुलाचा प्रश्न बिनतोड आहे. त्याचे उत्तर ‘नसते झाले’ हेच आहे.

परंतु एवढ्याने नाटक निकालात निघत नाही. तेंडुलकरांचे मोठेपण असे की कोतवाल कोण घडवतो हे त्यांनी ओळखले. अपमानित परदेशी ब्राह्मण आपली मुलगी नानांना देतो आणि बदल्यात कोतवाली घेतो. म्हणजे कोतवालाच्या हातातली काठी नानांची आहे. शेवटी घाशीराम मरतो, नाना मरत नाहीत. संकट टळले असे सांगून नाना उत्सव करायला लावतात. सत्ता आपल्या हाताचे एक बोट कापून टाकते आणि हात शाबूत ठेवते, हे ह्या नाटकाचे खरे सांगणे आहे.

मराठी समीक्षेने मात्र ह्या सांगण्याशी काय केले? काही प्रयोगांनंतर मूळ संस्थेने नाटक थांबवले; पुढे थिएटर अॅकॅडमीने ते पुन्हा उभे केले. ह्या काळात जो गदारोळ झाला त्याचा मुख्य सूर नानांची आणि पुण्याच्या ब्राह्मणांची बदनामी हा होता. नाटकाची बाजू घेणाऱ्यांनी कलावंताचे स्वातंत्र्य आणि लोकनाट्याचा नवा वापर ह्या मुद्द्यांवर ती लढवली. दोन्ही बाजूंच्या ह्या भांडणात नाटकातली कोठडी बाजूला राहिली. कोणाच्या हुकमाने माणसे कोंडली, दार उघडण्याचे काम कोणाचे होते, आणि दगड मारण्याऐवजी कोतवालाला जाब विचारणारी काही व्यवस्था असू शकते की नाही, हे प्रश्न समीक्षेच्या कक्षेत आले नाहीत. प्रस्थापित समीक्षकाला ते सुचले नाहीत ह्यात नवल नाही. त्याच्या घरातले कोणी कोठडीत गेले नव्हते.

३

१९७२ हे साल आपल्या दृष्टीने आणखी दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर स्थापन झाली. तिने नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे. आणि ती संघटना १९६६ साली ओकलंडमध्ये उभी राहिली तीच मुळी काळ्या वस्त्यांत पोलिसांच्या वागण्यावर पाळत ठेवण्यासाठी. त्याच वर्षी मार्चमध्ये विदर्भातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. ‘मथुरा खटला’ म्हणून तो ओळखला जातो. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, तेव्हा संमती होती, असा त्या निकालाचा आशय होता.

१९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर ह्या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ते पत्र मी समीक्षेचा नमुना म्हणून विद्यार्थ्यांपुढे ठेवतो. त्यांनी निकालपत्र एखाद्या संहितेसारखे वाचले. कोणता शब्द कोठून आला, कोणता पुरावा वगळला गेला, ‘संमती’ हा शब्द पोलीस ठाण्याच्या बंद दाराआड काय अर्थाने वापरला गेला, हे दाखवले. त्या वाचनातून आणि स्त्रियांच्या आंदोलनातून १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात, संबंध आल्याचे सिद्ध झाले आणि संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, असे ठरले.

ह्या उदाहरणात आपल्याला दोन धडे आहेत. पहिला असा की सरकारी कागदाचे नीट वाचन हे कृतीचे पहिले पाऊल असू शकते. दुसरा असा की बंद दाराआड घडलेल्या गोष्टीच्या पुराव्याचा भार कोणाच्या खांद्यावर टाकायचा, हा प्रश्न न्यायाच्या मुळाशी आहे.

४

तेव्हा आपण पोलिसी गद्याचे वाचन करू. मराठी साहित्याच्या इतिहासात ह्या गद्याला स्थान नाही. परंतु आपल्या वस्त्यांना कादंबरीपेक्षा त्याचीच ओळख अधिक आहे. त्यातली तीन वाक्ये घेतो.

पहिले वाक्य: जमाव टँकर पेटवणार होता. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला गेला. रस्त्यावर आलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा माणसे मारली. कवी-गायक विलास घोगरे ह्यांनी चार दिवसांनी स्वतःला संपवले. आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ ह्या २०११ च्या चित्रपटाचा आरंभ त्याच मृत्यूपासून होतो. गॅसचा टँकर पेटला असता तर हाहाकार झाला असता, म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या, असे सांगण्यात आले. न्या. गुंडेवार आयोगाने ही टँकरची कथा मानली नाही.

दुसरे वाक्य: आरोपी पळून गेला. ख्वाजा युनूस हा आपल्या परभणीचा मुलगा. संगणक अभियंता, दुबईत नोकरीला. डिसेंबर २००२ मध्ये घाटकोपर बाँबस्फोट प्रकरणात त्याला अटक झाली. जानेवारी २००३ मध्ये औरंगाबादकडे नेत असताना पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पळाला, असे पोलिसांनी सांगितले. त्याला कोठडीत मारताना पाहिले, तो रक्त ओकत होता, असे सहआरोपीने न्यायालयात सांगितले. उच्च न्यायालयाच्या आदेशाने गुन्हे अन्वेषण विभागाने तपास केला आणि पळून जाण्याची कथा टिकली नाही. त्याचे प्रेत आजतागायत मिळालेले नाही. ज्या स्फोटासाठी त्याला धरले, त्या खटल्यातले त्याचे सहआरोपी २००५ साली निर्दोष सुटले.

तिसरे वाक्य: छातीत दुखू लागले. सोमनाथबद्दल हे सांगण्यात आले. त्याला मारहाण झाली नाही, त्याने दंडाधिकाऱ्यापुढे तक्रार केली नाही, त्याला पूर्वीचा आजार होता, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस ह्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये विधानसभेत सांगितले. शवविच्छेदनाच्या अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे मृत्यूचे कारण नोंदले गेले होते. पुढे दंडाधिकारीय चौकशीनेही पोलिसांवरच ठपका ठेवला.

ह्या तिन्ही वाक्यांची घडण पाहावी. तिन्हींत करणारा पोलीस नाही. पेटवणार होता तो जमाव. पळाला तो आरोपी. दुखले ते छातीत. पोलीस वाक्यात येतात ते केवळ कर्मणी प्रयोगात, ‘सौम्य बळाचा वापर करण्यात आला’ अशा रीतीने. व्याकरणातून कर्ता वगळला की गुन्ह्यातूनही वगळला जातो. आपली वर्तमानपत्रे हेच व्याकरण उचलतात. ‘मृत्यू झाला’ असे आपणही लिहितो, ‘मारला’ असे लिहायला धजत नाही.

हे केवळ आपल्याकडेच होते असे नाही. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड ह्या काळ्या माणसाच्या मानेवर पोलीस अधिकाऱ्याने गुडघा दाबून त्याला मारले. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात तो वैद्यकीय कारणाने दगावला अशा आशयाची भाषा होती. रस्त्यावरच्या एका सतरा वर्षांच्या मुलीने केलेल्या चित्रीकरणाने ते निवेदन खोटे पाडले. पुढे त्या अधिकाऱ्याला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. आणि शेजारी उभ्या राहिलेल्या, अडवले नाही अशा तीन पोलिसांनाही शिक्षा झाली. ‘छातीत दुखू लागले’ हे वाक्य कोणत्याही भाषेत लिहिता येते. ते खोडणारा साक्षीदार मात्र कोठडीच्या आत नसतो.

दंडाधिकाऱ्यापुढे तक्रार केली नाही, ह्या वाक्यालाही वाचनाची गरज आहे. अटक झालेल्या माणसाला ‘मारहाण केली का’ असे विचारले जाते तेव्हा त्याला घेऊन आलेले पोलीस त्याच्याजवळच असतात. परत त्यांच्याच गाडीत बसायचे असते. अशा ठिकाणी मिळालेले ‘नाही’ म्हणजे निर्भय साक्ष नव्हे.

५

आता आपल्याच साहित्याकडे वळतो, कारण दुसऱ्यांची झडती घेणाऱ्याने आपला खिसाही उलटा करून दाखवावा.

दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांत पोलीस पानोपानी आहे. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’त (१९८७) तो घरात घुसतो, बायाबापड्यांना मारतो, हप्ता नेतो. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा गेला, पण पोलीस ठाण्याच्या मनातून गेला नाही. सोमनाथचा वडार समाज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीतलाच आहे. ह्या साहित्याने मराठी वाचकाला प्रथमच पोलिसाची काठी पाठीच्या बाजूने दाखवली. हे त्याचे ऐतिहासिक कार्य.

परंतु एक मर्यादा मान्य केली पाहिजे. ह्या लेखनात पोलीस बहुधा दुष्काळासारखा येतो. तो येतो, झोडपतो, जातो. त्याच्यावर खटला होऊ शकतो ही शक्यताच त्या जगात नसते. माझी आजी ‘फौजदार’ हा शब्द ‘पटकी’ ह्या शब्दाच्या सुरात उच्चारी. तिच्या दृष्टीने दोन्हींवर उपाय एकच, वस्ती सोडून रानात जाणे. आपल्या साहित्याने हा भोग प्रामाणिकपणे नोंदवला. पण भोगाची नोंद म्हणजे गुन्ह्याची नोंद नव्हे. भोगाला तारीख लागत नाही, गुन्ह्याला लागते. भोगात मारणाऱ्याचे नाव नसले तरी चालते, गुन्ह्यात चालत नाही. आपल्या साहित्याची पुढची पायरी ह्या फरकातून सुरू होते असे मला वाटते.

दुसरी मर्यादा चळवळीची आहे. ख्वाजा युनूस मारला गेला तेव्हा मी शाळेत होतो. त्याचे नाव मी ऐकले ते कॉलेजात शिकवू लागल्यावर, आणि तेही एका मुसलमान सहकाऱ्याकडून. ह्याच गावचा मुलगा, ह्याच गावची आई. पण तो ‘आपला’ प्रश्न आहे असे आमच्या वस्तीत कोणी बोलल्याचे मला आठवत नाही. आसिया बेगम वर्षानुवर्षे मुंबईच्या न्यायालयांत खेटे घालत राहिल्या. सोमनाथच्या आईच्या मागे आज जसा समाज उभा राहिला, तसा त्यांच्या मागे आम्ही उभे राहिलो असतो, तर कोठडीची कथा ह्या गावाला आधीच वाचता आली असती. तेलंगी ब्राह्मणांपुरतेच पेटलेले पुणे आपल्याला खटकते. मग आपल्या जातीपुरतेच पेटलेले परभणी आपल्याला का खटकू नये?

६

विजयाबाई सूर्यवंशी ह्यांनी सरकारने देऊ केलेली दहा लाखांची मदत नाकारली आणि न्याय मागितला. जानेवारी २०२५ मध्ये परभणीहून मुंबईकडे लाँग मार्च निघाला. तो नाशिकपर्यंत गेला. नंतर त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. प्रकाश आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलैला तेथे सरकारची याचिका फेटाळली गेली. त्यानंतर गुन्हा नोंदला गेला, तो अज्ञात पोलिसांविरुद्ध.

ह्या घटनाक्रमातला प्रत्येक टप्पा विचार करण्यासारखा आहे. प्रेत डिसेंबरचे, गुन्हा पावसाळ्यातला. मोटारसायकल चोरीला गेली तर आपण त्याच दिवशी तक्रार मागतो. येथे एका आईला नुसत्या नोंदीसाठी दिल्लीपर्यंतची पायरी लागली, आणि पायरीवर आडवे उभे होते ते तिचेच सरकार. आणि ‘अज्ञात’ हा शब्द! ठाण्यात कोण कोणत्या वेळी हजर होते ह्याची नोंदवही असते. कैद्याला कोणाच्या ताब्यातून कोणाच्या ताब्यात दिले ह्याचा कागद असतो. ज्या खात्याकडे वस्तीतल्या प्रत्येक पोराचे नाव असते, त्याला आपल्याच माणसांची नावे अज्ञात कशी?

तरीही मी ह्या याचिकेला एक महत्त्वाची संहिता मानतो. वस्ती सोडून रानात जाणाऱ्या माझ्या आजीपासून राज्याला प्रतिवादी करणाऱ्या विजयाबाईंपर्यंतचे अंतर हे संविधानाने कापलेले अंतर आहे. ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याच्या हक्काला संविधानाचे हृदय आणि आत्मा म्हटले होते. ते कलम ३२ बद्दल होते. उच्च न्यायालयाचे दार कलम २२६ ने उघडते. १७९१ साली जे दार एका जातीला उघडे होते, ते कागदावर तरी आज सर्वांना उघडे आहे. ज्या प्रतिकृतीच्या विटंबनेपासून हे सारे सुरू झाले, तिच्यातल्याच कलमाने एका आईला न्यायालयात उभे केले. पुतळ्यासमोरचा ग्रंथ काचेत ठेवण्यासाठी नव्हता, हे ह्या बाईने दाखवून दिले.

७

परंतु दार उघडे असणे आणि जाब मिळणे ह्यांत मोठे अंतर आहे. येथे पुन्हा ‘घाशीराम’चा शेवट आठवतो. रमाबाई नगरच्या दहा प्रेतांसाठी बारा वर्षांनी, २००९ साली, उपनिरीक्षक मनोहर कदम ह्या एकट्याला जन्मठेप झाली. पुढे उच्च न्यायालयात जामीन मिळाला. ख्वाजा युनूस प्रकरणात तपास यंत्रणेने चौदा पोलिसांकडे बोट दाखवले. सरकारने खटल्याला मंजुरी दिली ती चौघांपुरती. त्या चौघांतला सचिन वाझे २०२० साली पुन्हा खात्यात घेतला गेला. पुढच्या वर्षी तो बडतर्फ झाला, तेही युनूससाठी नव्हे, उद्योगपतीच्या घराजवळ सापडलेल्या स्फोटकांच्या प्रकरणात. चौदांचे चार झाले, दहांच्या वर एक झाला. नाना प्रत्येक वेळी सुटले.

म्हणून ‘त्या पोलिसाला फाशी द्या’ ही घोषणा मला अपुरी वाटते. ती नकळत नानांच्या सोयीची आहे. आपल्याला कोतवालाचा बळी नको, कोतवालीचा जाब हवा. त्यासाठी काय हवे ते स्पष्ट शब्दांत मांडतो.

एक, पुराव्याचा भार. कोठडीत माणसाला इजा झाली तर ती पोलिसांनी केली असे न्यायालयाला गृहीत धरता यावे, अशी दुरुस्ती विधी आयोगाने १९८५ साली, आपल्या ११३ व्या अहवालात सुचवली. बलात्काराबाबत १९८३ साली जे झाले तेच मृत्यूबाबत व्हावे, इतकी ती साधी गोष्ट. ती झाली नाही. २०२३ च्या नव्या साक्ष कायद्यातही ती आली नाही.

दोन, मंजुरी. सरकारी सेवकावर कर्तव्यातल्या कृत्याबद्दल खटला भरायला सरकारची परवानगी लागते. जुन्या संहितेचे कलम १९७, आता नव्या संहितेचे कलम २१८. कोठडीत माणूस मारणे हे कर्तव्य कसे ठरते? ज्याच्या हाताखालच्या माणसावर आरोप आहे त्यालाच खटल्याची परवानगी मागायची, हा नानांनाच विचारून कोतवालावर फिर्याद करण्याचा प्रकार आहे. कोठडीतल्या मृत्यूंना ही अट लागू नसावी.

तीन, चौकशीनंतरचे पाऊल. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करावी, असे २००५ च्या दुरुस्तीपासून ठरले. आता ते कलम १९६ मध्ये आहे. परंतु ठपका ठेवला गेल्यावर गुन्हा कोणी, किती दिवसांत नोंदवायचा, हे ते कलम स्पष्ट करीत नाही. परभणीच्या प्रकरणाने हीच पोकळी उघडी पाडली.

चार, तपास कोणाचा. २००६ साली प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमण्यास सांगितले. महाराष्ट्राने २०१४ साली कायद्यात तरतूद केली. जिल्ह्यातल्या किती माणसांना ह्या प्राधिकरणाचे दार माहीत आहे? २०२० साली प्रत्येक ठाण्यात, कोठडीसकट, कॅमेरे लावून चित्रण जपण्याचा आदेश झाला. कॅमेरा नेमक्या वेळी बंद असेल तर त्या बंद असण्याचाच जाब ठाणेदाराला द्यावा लागला पाहिजे.

पाच, छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारताने १९९७ साली सही केली. त्याला मान्यता अद्याप दिलेली नाही.

आणि ह्या साऱ्यांत जबाबदारीची साखळी धरावी. मारणारा, हुकूम देणारा, पाहून गप्प बसणारा, तपासणी न करता ‘तंदुरुस्त’ लिहून देणारा, आणि मंजुरी अडवून धरणारा, ह्या प्रत्येकाचे नाव कागदावर यावे.

८

एक आक्षेप मला माहीत आहे, कारण तो माझ्या वर्गातच आहे. आमची कितीतरी पोरे पहाटे पोलीस भरतीसाठी मैदानावर धावतात. शेतमजुराच्या पोराला ह्या जिल्ह्यात दुसरी पक्की नोकरी कोणती? काही जण आज खात्यात आहेत. त्यातला एक जुना विद्यार्थी मला भेटला तेव्हा म्हणाला, “सर, दगड आम्हीच खातो, हुकूमही आम्हीच पाळतो, आणि अडकतोही आम्हीच.” त्याचे म्हणणे खोटे नाही. वर जाबाची साखळी नसली की तिचे शेवटचे टोक शिपायाच्या गळ्यात पडते. घाशीरामाला वाटले होते की पुण्याने त्याला स्वीकारले आहे. बेकायदा हुकूम नाकारण्याचा हक्क आणि त्यासाठी संरक्षण शिपायाला मिळणे, हाही ह्याच मागणीचा भाग आहे. आणि तो हुकूम पाळला तर ‘वरून सांगितले होते’ हा बचाव चालणार नाही, हेही त्या पोराला मी शिक्षक म्हणून सांगितले पाहिजे. त्या दिवशी मी सांगितले नाही. चहा पिऊन आम्ही उठलो.

म्हणून ह्या अंकाच्या वाचकांपुढे, विशेषतः शिक्षक आणि विद्यार्थ्यांपुढे, एक साधा कार्यक्रम ठेवतो. प्रत्येक वस्तीत चार माणसे अशी असावीत की त्यांना अटकेचा कागद वाचता येतो. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचा हक्क संविधानाच्या कलम २२ मध्ये आहे. अटकेची वेळ नोंदणे, नातेवाइकाला कळवणे, वैद्यकीय तपासणी करणे ह्याचे नियम १९९६ च्या डी. के. बसू निकालाने घालून दिले. वेळ लिहून ठेवा, कागदाची प्रत मागा, अंगावरच्या खुणांची नोंद करा, हजर असलेल्यांची नावे टिपा. लेखकांनी तारीख आणि नाव ह्यांची भीती सोडावी. समीक्षकांनी पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि निकालपत्र वाचायला शिकावे व शिकवावे. चार अध्यापकांच्या एका पत्राने जे घडले ते आपल्या हातून घडणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

पुढच्या सत्रात मी ‘घाशीराम’ पुन्हा शिकवणार आहे. शेवटचा प्रवेश झाल्यावर त्या मुलाचा प्रश्न मीच फळ्यावर लिहीन, आणि त्याखाली दुसरा लिहीन: कोठडीचे दार उघडण्याचे काम कोणाचे होते? त्या प्रश्नाचे उत्तर नाटकात नाही. ते आपल्याला न्यायालयात, रस्त्यावर आणि कागदावर मिळवावे लागणार आहे.